राखणीतली शाळा

तानीला परभणीच्या शाळेत थेट चौथीत घेतलं तरच ती जाईल, नाहीतर घरीच राहील, असं माणिकरावांनी दिवाळीच्या पाडव्याला ओसरीवर बसून सांगितलं आणि आपल्यापुरता तो विषय मिटवून टाकला. माणूस कठोर नव्हता. पण दहा वर्षांची पोर इवल्याइवल्या मुलींच्या रांगेत पाय दुमडून बसणार आणि परभणीची माणसं तिच्याकडे बोट दाखवून हसणार, हे चित्र त्यांना सोसवत नव्हतं. गावात शाळा होती ती मुलग्यांची. चुडाव्याच्या आसपासच्या चार गावांत शाळेत जाणारी मुलगी शोधून सापडली नसती. तेव्हा लेकीला परभणीला आपल्या आत्याकडे ठेवायला ते तयार झाले, हेच पुष्कळ होतं.

"होळीनंतर शाळंतल्या मोठ्या बाई तिला बघणार म्हणता न्हवं?" ते आपल्या मेव्हण्याला म्हणाले. "मग दिनकरराव, तवर तुमी शिकवा. चौथीत बसली तर मी सोता पोचवून येतो. न्हाई बसली तर मातर पुन्यांदा इषय काढायचा न्हाई."

दिनकरने मान हलवली. तो हैदराबादेच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि मुदतीच्या तापाने त्याला परीक्षेच्या तोंडावर अंथरुणाला खिळवलं होतं; परीक्षा पुढच्या वर्षावर गेली होती. चुडाव्याच्या स्टेशनावरून त्याला बैलगाडीत कडब्यावर निजवून आणलं ते माणिकरावांनी, आणि पेज पाजून पाजून उभं केलं ते थोरल्या बहिणीने, बायनाबाईने. दोघांनीही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. ह्या घरासाठी आपल्या हातून काहीतरी व्हावं, असं त्याला उठताबसता वाटत असे. मागच्या दोन सुट्ट्यांत त्यानेच भाचीला बाराखडी शिकवली होती. अडखळत का होईना, ती वाचत होती. तेवढ्या पायावर होळीपर्यंत तिसरीचा सगळा अभ्यास उभा करायचा होता.

चारच दिवसांत त्याने एक भला थोरला कागद तयार केला. दोन रंगांच्या शाईने रेघा मारल्या. वर आजूर, दै, बहमन असे कॉलेजात चालणारे, निजाम सरकारचे फसली महिने लिहिले आणि खाली दिवसादिवसाची घरं पाडली. शुद्धलेखन, पाढे, वाचन, भूगोल, कविता, अंकगणित, उर्दू. प्रत्येकाला घर, प्रत्येक घराला वेळ. दूध कधी प्यायचं आणि डोळ्यांना विश्रांती कधी द्यायची, तेही त्यात होतं. सुट्टी शुक्रवारची, कारण हैदराबादेत ती शुक्रवारचीच असे. कागद ओसरीच्या भिंतीवर लावला, तेव्हा त्याला स्वतःलाच इतकं बरं वाटलं की, तापानंतर पहिल्यांदाच तो एक भाकरी जास्त जेवला.

माणिकराव शेतातून आले आणि कमरेवर हात ठेवून कागदासमोर उभे राहिले. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण घरं कळत होती.

"हे हुजुरांचं फर्मान कधी निघालं म्हनायचं?"

"वेळापत्रक आहे, दाजी. तानीने कोणत्या वेळी काय करायचं, ते सगळं लिहिलंय."

"सगळं?"

"सगळं."

"मग ह्यात तिनं शिकायचं कुठं ते दिसायलंय. शिंकायचं कुठं लिवलंय?"

आत चुलीपाशी बायनाबाई तोंडाला पदर लावून हसली. तानी मात्र हसली नाही. ती त्या कागदाकडे, देवघराकडे बघावं तशी बघत होती.

त्याच आठवड्यात हरभऱ्याची पेर होती. दिनकर पाय मोकळे करायला म्हणून रानात गेला. माणिकराव बैलांमागे होते आणि तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून बायनाबाई चालत होती. चाड्याच्या लाकडी वाटीतून दाणे नळ्यांत, नळ्यांतून तीन फणांनी उघडलेल्या मातीत पडत होते. ती मुठीकडे बघतही नव्हती. मधूनच भावाशी बोलत होती.

"अक्का, एका काकरीत किती दाणे पडतात, मोजलेस का कधी?"

"दानं मोजीत बसले तर बैल बांधाला जाऊन हुभे ऱ्हातील की रं."

"मग कमीजास्त होत नाही?"

"फण हलत न्हाईत न्हवं? मंग झालं. रान बदललं की मूठ बदलती. हाताला कळतंय ते."

दिनकरने ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या डोक्यात त्या वेळी शुद्धलेखनाचे उतारे घोळत होते.

वेळापत्रक पहिले तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी म्हैस व्याली आणि पाढ्यांच्या वेळी तानी गोठ्यात होती. मग ताडकळसच्या बाजाराचा दिवस आला. मोठी माणसं बाजाराला गेली आणि घर, शेरडं आणि शेजारणीचं तान्हं पोर, सगळं तानीच्या गळ्यात पडलं. आठवड्याची चाचणी दिनकरने नेमकी त्याच दिवशी ठेवली होती. उलट शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, ती दिवसभर मोकळी असे आणि मामाच्या पुस्तकांभोवती घुटमळे. पण सुट्टी ती सुट्टी, म्हणून तो तिला खेळायला पिटाळी. एकदा पाहुणे आले. एकदा तिलाच ताप आला. जे राहिलं ते दिनकर दुसऱ्या दिवशीच्या घरात लाल शाईने चढवी आणि पुढे 'बाकी' असं लिही. दुसऱ्या दिवशीचं मूळचं काम होतंच. मग त्यातलंही राही. हळूहळू कागदावर काळ्यापेक्षा लाल जास्त झालं.

दोष आपल्या बेतात असेल, असं त्याच्या मनात आलं नाही. बेत अजून बारीक करायला हवा, असंच त्याला वाटलं. त्याने घरांची अर्धी घरं केली.

एका संध्याकाळी बायनाबाई भाकरी थापता थापता थांबली.

"दिनू, तुला एक सांगू का? राग धरू नको."

"बोल ना, अक्का."

"तानी म्हनायली, म्या न्हाई जात परभनीला. मला लय बाकी झालीय."

दिनकरने घास ताटात ठेवला.

"तिला आता भागाकार येतो, अक्का. धडा वाचता येतो. दीड-दोन महिन्यांत किती पुढे गेलीय ती!"

"ते तुला ठावं. तिला तो लाल रंगच दिसायलाय. सकाळी उठली की आधी भिंतीकडं बघती अन् मंग तोंड धुती." तिने परातीत पीठ घेतलं. "मला वाचता येत न्हाई, बाबा. पन लेकराचं तोंड वाचता येतं."

 जेवण झाल्यावर दिनकरने भिंतीवरचा कागद काढला, गुंडाळला आणि आढ्याला खोचून ठेवला. तानीने ते पाहिलं. ती पितळी घासायला घेऊन गेली ती गाणं म्हणत.

आणि दुसऱ्याच दिवशी माणिकराव म्हणाले, "जोंधळा दुधात आलाय. उद्यापून तानी माळ्यावर."

राखण! दिनकरने कपाळावर हात मारला. तो स्वतः जोंधळा पिकवणाऱ्या घरातला होता. लहानपणी पाखरं हाकता हाकता त्याचा गळा बसत असे. कणसात दाणा भरला की तो घरात नेईपर्यंत राखणीचं माणूस पहाट फुटल्यापासून दिवस बुडेपर्यंत रानात अडकतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तरीही त्याने दै आणि बहमनचे महिने असे भरले होते, जणू त्या महिन्यांत शेतं नसतातच. आजूर, दै, बहमन अशी नावं लिहिताना त्याला पौष-माघ आठवले नव्हते, आणि पौष-माघ आठवले नाहीत म्हणून जोंधळा आठवला नव्हता.

"दाजी, दुसरं कोणी नाही का बसणार?"

"कोन बसनार? आश्रुबाच्या पायावरून गाडीचं चाक गेलंय, तुमीच बघितलं. ही घरचं बघंल का रान बघंल? दरसाली तानीच असती." मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "लेकीच्या शाळंवर माझा राग न्हाई, दिनकरराव. पन भोरड्यांना कसं सांगू, पोरीची परीक्षा हाय म्हनून?"

आश्रुबा घरचा जुना सालगडी होता. तो बाजेवर पाय लांब करून पडल्या पडल्या म्हणाला, "मामासायबांनी पाखरांला बी एक कागद लावावा. कोन्या येळंला यायचं, कोन्या येळंला न्हाई."

सगळे हसले. दिनकरही हसला, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग तोही माळ्यावर गेला. चार मेढींवर बांधलेला, तीन माणसं जेमतेम मावतील असा तो माळा भोवतीच्या कणसांपेक्षा हातभर उंच होता. तानी गोफण घेऊन उभी राही. भोरड्यांचा थवा काळ्या ढगासारखा वळून आला की ती हाळी देई, गोफण फिरवी, आणि थवा उठून पलीकडच्या रानावर जाई. ऊन चढलं की पाखरं ओढ्याकाठच्या बाभळींत जाऊन बसत. मग पुन्हा दिवस कलला की सुरू.

आता बेतच नको, असं दिनकरने ठरवलं होतं. जे जमेल ते, जसं जमेल तसं. ते दिवस फार गोड गेले. त्याने गोष्टी सांगितल्या, कविता म्हणून घेतल्या, तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला फाटे फुटू दिले. आगगाडी कशाने चालते, हैदराबादेत चंद्र आपल्या इथल्याएवढाच दिसतो का, समुद्राचं पाणी खारट कोणी केलं. पोर खुलली. तिचं मराठवाडी बोलणं आणि पुस्तकातली भाषा एकमेकींत मिसळून काहीतरी तिसरंच गोड तयार होऊ लागलं.

मग पौष सरता सरता त्याने सहज पाटीवर एक भागाकार घातला. तानीने पेन्सिल हातात घेतली, पाटीकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, मला हे येत हुतं."

"येत होतं."

"मंग कुठं गेलं?"

ह्याचं उत्तर दिनकरपाशी होतं आणि ते त्याला टोचत होतं. तिला गणित नावडतं होतं, त्याला ते शिकवणं नावडतं होतं, आणि ठरवून काहीच न ठेवल्यामुळे दोघांनी मिळून ते अलगद टाळलं होतं. होळी दीड महिन्यावर आली होती. भिंतीवरच्या कागदाने पोरीला घाबरवलं, आणि कागद काढल्यावर पोर हसरी झाली पण मागे पडली. त्या दिवशी तो माळ्यावरून उतरला आणि बांधाबांधाने खूप हिंडला. हरभरा घाट्यांवर आला होता. ओळी सुतात धरल्यासारख्या सरळ होत्या. पण ओळीतली झाडं मात्र सगळीकडे सारखी नव्हती: कुठे दाट, उतारावर विरळ, पाणथळीपाशी पुन्हा दाट. कोणी मोजून लावलेली नव्हती. आणि रान भरलेलं होतं.

फण हलत न्हाईत न्हवं? अक्का म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तानीला म्हणाला, "आपण तीनच गोष्टी ठरवू. रोज वाचायचं, रोज लिहायचं, रोज गणित करायचं. बाजार असो, पाहुणे असोत, हे तीन मोडायचे नाहीत. किती करायचं ते मात्र त्या त्या दिवशी बघू. एक गणित झालं तरी झालं."

"एकच?"

"एकच. पण करायचंच."

"अन् बाकी?"

"बाकी लिहायचीच नाही. आजचं आज."

तानीने थोडा विचार केला. "गनित आधी करू," ती म्हणाली. "पाखरं बाभळीत गेली की लगीच. न्हाईतर मला ते दिसभर दिसत ऱ्हातं."

तिफणीला फण तीनच असतात. भूगोल वाचनात गेला, कविता लिहिण्यात गेल्या. उर्दू मात्र कुठेच बसेना. संध्याकाळी पोर इतकी दमलेली असे की, उजवीकडून डावीकडे वाचता वाचता तिचे डोळे मिटत. दिनकरने दोन दिवस ओढाताण केली आणि मग जाणूनबुजून ते सोडलं. सोडताना त्याला भीती वाटली. पण सगळं धरायला जाऊन काय होतं, ते त्याने एकदा पाहिलं होतं.

वाचताना एक अडचण उरलीच. पाखरं मधल्या वेळेत अगदीच येत नसत असं नव्हतं. एखादा राघूंचा चुकार थवा यायचा, तानी पुस्तक टाकून उठायची, आणि परत येईपर्यंत वाक्य हरवलेलं असायचं. पहिल्यांदा दिनकर तिला परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावी. एकदा ती परत आली आणि न विचारता मधल्याच शब्दापासून पुढे वाचू लागली. त्याने वाकून पाहिलं. पानावर, नेमक्या त्या शब्दावर, जोंधळ्याचा एक टपोरा दाणा ठेवलेला होता.

"हे कधीपासून?"

"कालपून. पाखरं आली की ठिवायचा. आल्यावर उचलायचा."

मग तिने गणितातही तेच केलं. भागाकार अर्धा असताना उठायचं झालं की अंकावर दाणा. दाण्यांची एक चिंधी तिने कनवटीला खोवून ठेवली. माघभर असं चाललं. काही दिवशी एकच गणित झालं, काही दिवशी नऊ-दहा. दोन दिवस आजारपणात गेले, तेव्हा तिने अंथरुणावर तीन ओळी वाचल्या, तीन लिहिल्या, एक बेरीज केली आणि झोपली. जोंधळा काढणीला आला तेव्हा भागाकार परत आला होता; नुसता आला नव्हता, मुरला होता.

होळी झाल्यावर माणिकराव, दिनकर आणि तानी चुडाव्याहून गाडीत बसून परभणीला गेले. माणिकराव शाळेच्या आवारात लिंबाखाली थांबले. आत यायला ते काही केल्या तयार होईनात. मोठ्या बाईंचं नाव सुमनबाई. चेहऱ्याने करड्या, आवाजाने नव्हत्या. त्यांनी तानीला समोर बसवलं आणि तिने कधी न पाहिलेलं पुस्तक उघडून हातात दिलं.

तानीचा आवाज आधी थरथरला. दोन ओळींनंतर लागला. तेवढ्यात शिपाई काही विचारायला आला. बाई त्याच्याशी बोलल्या, तानी थांबली, मग पुढे वाचू लागली. लगेच दोन मुली भांडत आत आल्या. एकीच्या पाटीचा तुकडा दुसरीच्या हातात होता. मग अंगणात पाण्याची गाडी आली आणि बैल उधळला. बाई उठून खिडकीशी गेल्या. दिनकरला वाटलं, आता संपलं. पोर गांगरली असणार, वाक्य सुटलं असणार.

बाई परत येऊन बसल्या. "हं, बाळ. पहिल्यापासून वाच."

"पैल्यापून कशाला?" तानी म्हणाली आणि सुटलेल्या शब्दापासून वाचू लागली.

बाईंनी पुढे वाकून पाहिलं. "हे काय ग पानावर?"

"दाना हाय. पाखरं आली की ठिवायचा."

"इथे कुठली पाखरं?"

तानीने दाराशी उभ्या असलेल्या त्या दोन मुलींकडे पाहिलं. "आत्ता आली हुती की."

बाई हसल्या. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की, दारातल्या मुलीही आपलं भांडण विसरल्या. मग त्यांनी भागाकार घातला. तानीने तो केला, एका जागी चुकली, थांबली, स्वतःच खोडून नीट केला. शुद्धलेखनात चार चुका निघाल्या. शेवटी बाईंनी उर्दूचं पुस्तक पुढे केलं. तानीने अलिफ-बे म्हणायला सुरुवात केली, निम्म्यावर आली आणि पुस्तक मिटून म्हणाली, "एवढंच येतंय."

बाईंनी दिनकरकडे पाहिलं.

"तो दोष माझा आहे," तो म्हणाला. "राखण सांभाळून तीन गोष्टी रोज होतील, एवढंच मला धरता आलं. चौथी सोडली."

"राखण करून शिकली ही?"

"हो."

बाईंनी तो दाणा चिमटीत उचलून पाहिला. "माझ्याकडे घरी शिकवून आणलेल्या पुष्कळ मुली येतात. मधेच कोणी टोकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. वर्गात चाळीस जणी असतात, इथे कोण पहिल्यापासून ऐकणार?" त्यांनी टाक शाईत बुडवला. "चौथीत बसवते. उर्दू पावसाळ्यापर्यंत वाचता आलं पाहिजे. ते माझ्याकडे लागलं."

लिंबाखाली माणिकराव पागोटं काढून हातात घेऊन उभे होते.

"चौथीत?" त्यांनी विचारलं.

"चौथीत, दाजी."

 त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मग लेकीकडे बघत म्हणाले, "आन् पुढल्या साली राखण कोन करील ग?"

तानीचा चेहरा उतरला. ते पाहून त्यांनाच राहवेना.

"मीच बसन माळ्यावर. हाळी मारायला गळा लागतो, चौथी लागत न्हाई." आणि दिनकरकडे न बघता, घोगऱ्या आवाजात, "तुमचे लय उपकार झाले, दिनकरराव."

"असं म्हणू नका," दिनकर घाईघाईने म्हणाला. कडब्याने भरलेली ती बैलगाडी त्याला आठवली. 

गुढीपाडव्यानंतर तानी परभणीला जायला निघाली. माणिकरावांची आत्या, कडूबाई, तिची वाट बघत होती. त्याच दिवशी दिनकर हैदराबादेला निघाला. राहिलेली परीक्षा द्यायची होती. चुडाव्याच्या फलाटावर बायनाबाईने दोघांच्या हातांत दोन सारखी गाठोडी दिली, भाकरी आणि तिळाची चटणी बांधलेली, आणि दोघांच्या पाठीवरून एकाच वेळी हात फिरवला.

"जेवत जा," ती दोघांनाही म्हणाली. "ते मातर येळंवर."

परभणीकडची गाडी आधी आली. तानी वडिलांबरोबर डब्यात चढली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिने मामाच्या तळहातावर चिंधीची एक लहानशी पुरचुंडी ठेवली.

"तुमच्या पुस्तकाला," ती म्हणाली.

गाडी गेली. दिनकर बाकावर बहिणीशेजारी बसला आणि त्याने आपल्या पेटीतून ते जाडजूड पुस्तक काढलं. गेल्या वर्षी ज्या पानावर ताप चढला होता, ते पान अजून दुमडलेलं होतं. त्याने ते उलगडलं, बोटाने दाबून सरळ केलं आणि वाचता वाचता कुठे थांबलो होतो ते शोधू लागला. शब्द सापडला, तेवढ्यात फलाटावर घंटा झाली. त्याची गाडी येत होती. त्याने पुरचुंडी सोडली, एक दाणा घेतला आणि त्या शब्दावर ठेवला.

"काय करायलास रं?" बायनाबाईने विचारलं.

"पाखरं आली, अक्का," तो म्हणाला, आणि दाणा सांडू नये म्हणून पुस्तक जपून मिटून, तिच्या पाया पडायला वाकला.